निकोडेमस : मुक्त माणसांनी माळावर वसवलेले गाव



मी एका खेड्यातील शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मागे एकदा मी सातवीच्या मुलांना घरचा अभ्यास दिला : 'आपल्या गावाचा इतिहास लिहून आणा.' दुसऱ्या दिवशी गावातील मुलांनी वह्या भरून आणल्या. देऊळ कोणी बांधले, पाटीलकी कोणाकडे होती, गढी कधी पडली, हे सर्व त्यांत होते. आपल्या वस्तीतील चार मुलांच्या वह्या मात्र कोऱ्या होत्या. त्यांतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीला इतिहास नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, आपलं कसलं आलंय लिहिण्यासारखं?"

त्या कोऱ्या वह्यांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. आजचा हा पाठ मी त्या मुलीसाठी लिहिला आहे, आणि ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांच्यासाठीही. पाठ आपल्या गावाचा नाही, सातासमुद्रापलीकडच्या एका लहानशा खेड्याचा आहे. पण तो वाचताना तुम्हाला वारंवार आपल्या वस्तीची आठवण होईल अशी माझी खात्री आहे.

त्या खेड्याचे नाव निकोडेमस. अमेरिकेतील कॅन्सास या राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम परगण्यात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ ते वसले आहे. १८७७ साली ते वसवले गेले. वसवणारे लोक कोण? बारा वर्षांपूर्वीपर्यंत जे गुलाम होते ते काळे लोक. आणि त्यांना वाट दाखवणारांत पुढे कोण होते? त्यांचेच धर्मोपदेशक.

हा पाठ आपण का शिकावा?

कोणी विचारील, अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांच्या खेड्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो मी ओढूनताणून आणलेला नाही.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेथील काळ्या लोकांच्या प्रश्नाचा त्यांनी अभ्यास केला होता. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या थोर काळ्या विद्वानास पत्र लिहिले आणि आपल्या लोकांची स्थिती व त्यांच्या लोकांची स्थिती यांत साम्य असल्याचे कळवले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तीत स्वतंत्र वसाहतींची मागणी करण्यात आली. जोवर अस्पृश्य माणूस गावकुसाबाहेर राहतो आणि पोटासाठी गावावर अवलंबून असतो, तोवर त्याची गुलामी सुटणार नाही, म्हणून त्याला सरकारी पडीक जमिनीवर स्वतःचे वेगळे गाव वसवून द्यावे, असा तो विचार होता. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी ही मागणी पुन्हा मांडली आणि त्यासाठी वेगळे वसाहत मंडळ नेमावे असे सुचवले. राज्यघटनेत ती मागणी आली नाही, हे आपणास ठाऊक आहे.

मग प्रश्न असा पडतो : नुकत्याच मुक्त झालेल्या, हाती काहीही नसलेल्या माणसांनी जुना गाव सोडून स्वतःचा नवा गाव वसवला, तर काय घडते? निकोडेमस हे या प्रश्नाचे एक खरे घडलेले उत्तर आहे. त्यात यश आहे आणि अपयशही आहे. दोन्ही नीट पाहिले पाहिजे.

मुक्ती मिळाली, पण माती मिळाली नाही

अमेरिकेत डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने बंद झाली. निकोडेमसला गेलेले बहुतेक लोक केंटकी राज्यातील होते. केंटकीत तर या दुरुस्तीपर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. कायदा झाला, साखळी सुटली. पण ज्या शेतात माणूस गुलाम म्हणून राबला ते शेत त्याचे झाले नाही. नांगर मालकाचा, बी मालकाचे, खोपट मालकाचे. गुलामाऐवजी तो आता बटाईदार झाला आणि वर्षाअखेरीस हिशेब केला की देणेकरीच निघू लागला. रात्री तोंडे झाकून येणाऱ्या गोऱ्या टोळ्या घरे जाळीत आणि माणसे मारीत. दक्षिणेतील काळ्यांचे रक्षण करणारे उरलेसुरले केंद्रीय सैन्य १८७७ साली काढून घेण्यात आले. त्यांच्या डोक्यावरचे होते नव्हते छप्परही गेले.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कागदावरची मुक्ती आणि ताटातली मुक्ती यांतले अंतर त्यांनी पाहिले आहे.

कॅन्सास हे नाव काळ्या लोकांत आदराने घेतले जाई. गुलामगिरी असावी की नसावी यावर तेथे रक्तपात झाला होता. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन तेथे लढला होता. १८६१ साली हे राज्य अमेरिकन संघात आले ते गुलामगिरी नाकारूनच. शिवाय १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अशी सोय झाली होती की, सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसली तर एकशे साठ एकरांपर्यंत जमीन अल्प शुल्कात कसणाराच्या नावे होई.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही 'सरकारी' जमीन मुळात तेथील आदिवासींची होती. त्यांना हुसकून ती रिकामी केलेली होती. एका पीडिताला मिळालेला घास दुसऱ्या पीडिताच्या ताटातून काढलेला होता. हे त्या काळ्या लोकांचे पाप नव्हे, पण इतिहास शिकताना ते झाकून ठेवणे बरे नव्हे.

गावाची हाक

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस नगर कंपनी स्थापन झाली. तिच्या सात सभासदांपैकी सहा काळे होते आणि एक गोरा. अध्यक्ष होते धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ. गोरे गृहस्थ डब्ल्यू. आर. हिल हे जमिनीची खरेदी-विक्री करून गावे वसवण्याचा धंदा करीत व कंपनीचे खजिनदार होते. सायमन राउंडट्री हे दुसरे धर्मोपदेशक त्या जागी राहावयास गेलेले पहिले वसाहतकार. ते जून १८७७ मध्ये तेथे पोचले. या राउंडट्रींविषयी अशी हकीकत सांगतात की, गुलाम असताना ते वाचावयास शिकले म्हणून मालकाने त्यांच्या गालावर डाग दिला होता. अक्षर शिकणे हा ज्यांच्यासाठी गुन्हा होता, त्यांतला एक माणूस नव्या गावाचा पहिला रहिवासी झाला. आपल्यातील जो आजही मुलीला शाळेतून काढण्याचा विचार करतो, त्याने ही हकीकत दोनदा वाचावी.

गावाचे नाव निकोडेमस का ठेवले? याची दोन उत्तरे दिली जातात. एक असे की, त्या काळी निकोडेमस नावाच्या एका गुलामाविषयीचे गाणे लोकप्रिय होते, त्यावरून हे नाव आले. दुसरे असे की, बायबलात निकोडेमस नावाचा एक विद्वान येशूकडे रात्री येतो आणि माणसाला नवा जन्म कसा घेता येईल याविषयी त्यांचे बोलणे होते. कोणतेही उत्तर घ्या, नाव त्या लोकांना शोभणारेच होते. एका अर्थी ते गुलामाचे नाव आणि दुसऱ्या अर्थी नव्या जन्माचे.

मग केंटकीच्या लेक्झिंग्टन भागात पत्रके वाटली गेली. पाच डॉलर भरून सप्टेंबर महिन्यात कॅन्सासला चला, असे आवाहन त्यांत होते. दुसऱ्या पत्रकांत काळी सुपीक जमीन, पाणी आणि शिकार यांची वर्णने होती. देवळांतून प्रवचनानंतर या पत्रकांवर चर्चा होई. लोक धर्मोपदेशकाच्या शब्दावर विश्वासून निघाले.

धूर जमिनीतून निघत होता

सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेहून अधिक माणसांचा मोठा जथा आगगाडीने एलिस या स्टेशनावर उतरला. तेथून निकोडेमस सुमारे पस्तीस मैल. रस्ता असा नव्हताच. दोन दिवस पायपीट करून ते पोचले तेव्हा त्यांना काय दिसले? झाड नाही, घर नाही, दुकान नाही. नजर पोचेल तिकडे गवताचा माळ. पत्रकात लिहिलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. लोक हिल यांच्यावर इतके संतापले की त्यांना लपून बसावे लागले. कित्येक कुटुंबे तशीच परत फिरली.

पुढच्या वसंतात, १८७८ साली, केंटकीच्याच जॉर्जटाउन भागातून धर्मोपदेशक डॅनियल हिकमन आपल्या मंडळीतील माणसे घेऊन आले. त्यांच्या पत्नी विलियाना हिकमन यांनी म्हातारपणी, १९३७ साली, आपली आठवण सांगितली व ती वर्तमानपत्रात छापून आली. एलिसला पोचल्यावर जथ्यात गोवराची साथ आली आणि काही मुले दगावली. मुलांना पुरून आईबाप पुढे निघाले. होकायंत्र पाहून दिशा ठरवावयाची, रात्री श्वापदे येऊ नयेत म्हणून जाळ करून भोवती निजावयाचे. असे करीत एक दिवस पुरुष ओरडू लागले, निकोडेमस आले! विलियानाबाई आजारी होत्या, तरी आनंदाने उठून पाहू लागल्या. त्यांना गाव काही दिसेना. त्यांनी नवऱ्याला विचारले, गाव कुठे आहे? नवऱ्याने बोट दाखवले. जमिनीतून धूर निघत होता. माणसे जमिनीखाली खणलेल्या घरांत राहत होती. विलियानाबाईंना रडू कोसळले.

घर बांधावयास लाकूड नव्हते. म्हणून उताराच्या जागी जमीन खणावयाची, वर फांद्या, गवत आणि मातीची ढेकळे टाकावयाची, असे ते घर. पाऊस आला की छत गळे, सापकिरडू आत येई. जळणासाठी माळावरील रानटी बैलांच्या वाळलेल्या शेणी वेचून आणाव्या लागत. शेणी वेचणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे चित्र डोळ्यांपुढे आणावयास काहीच अडचण पडू नये.

पहिला हिवाळा

पहिल्या हिवाळ्यात खावयास फारसे काही नव्हते. पेरणीचा हंगाम निघून गेल्यावर लोक आले होते. बैलजोड्या व घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुष्कळांपाशी नुसती कुदळ आणि फावडे. शेकडो वर्षे नांगर न लागलेली, गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन माणसांनी हातांनी खणली. तरणे पुरुष मैलोन् मैल चालत जाऊन रेल्वेवर व गोऱ्यांच्या शेतांवर मजुरी करीत.

त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्या शिकारीतील मांस या लोकांना दिले, असे निकोडेमसचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ज्या ओसेज लोकांना कॅन्सासमधून नुकतेच हलवण्यात आले होते, तेच हे लोक. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनी भुकेल्यांना वाटा दिला. यालाच आपण दान म्हणतो. आपल्याजवळ उरले-सुरले असेल ते देणे निराळे आणि आपल्यालाच कमी असताना देणे निराळे.

त्याच शरद ऋतूत एमा विल्यम्स या बाईंना मुलगा झाला. त्याचे नाव हेन्री. निकोडेमसमध्ये जन्मलेले हे पहिले मूल. जमिनीखालच्या घरात जन्मले, पण कोणाच्या शेतावरच्या खोपटात नव्हे.

एकाच भुयारात शाळा आणि प्रार्थना

आता मी या पाठातील माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येते. गाव वसल्यावर लोकांनी आधी काय केले? त्यांनी शाळा आणि प्रार्थना सुरू केली. पक्की इमारत नंतर झाली.

जेनी फ्लेचर या अध्यक्ष स्मिथ यांच्या कन्या. त्यांचे पती झकरी फ्लेचर हे कंपनीचे चिटणीस. जेनीबाई निकोडेमसच्या पहिल्या शिक्षिका. जमिनीत खणलेल्या आपल्या घरातच त्यांनी मुले जमवून वर्ग सुरू केला. टपाल कार्यालयाचे कामही त्यांनी पाहिले. पुढे साऱ्या ग्रॅहम परगण्यातील 'शाळा क्रमांक एक' ही निकोडेमसची शाळा ठरली. हे नीट ध्यानात घ्या : त्या भागात गोऱ्यांचीही गावे उभी राहत होती, पण परगण्यातील पहिली शाळा काल-परवापर्यंत गुलाम असलेल्यांची होती.

बॅप्टिस्ट मंडळीची प्रार्थनाही आधी जमिनीखालच्या घरातच भरे. १८८० च्या सुमारास त्यांनी लहानसे दगडी मंदिर बांधले आणि १९०७ साली चुनखडीच्या दगडाचे मोठे. एक पिढी जमिनीखाली बसून प्रार्थना करते, तेव्हा पुढची पिढी दगडी इमारतीत बसते.

माझ्याकडे पुष्कळजण येऊन म्हणतात, "बाई, विहाराला जागा नाही, निधी नाही, म्हणून वंदना होत नाही." मी त्यांना जेनीबाईंची गोष्ट सांगते. वंदनेला छप्पर लागत नाही, वेळ लागते. मुलांच्या अभ्यासाला विहाराचा कळस लागत नाही, एक दिवा आणि एक शिकवणारा लागतो. आधी माणसे बसवा, भिंती मागून येतील.

भरभराट

दहा वर्षांत त्या माळाचा कायापालट झाला. फ्लेचर दांपत्याने हॉटेल काढले. दुकाने निघाली, बँक आली, एकापेक्षा अधिक पंथांची मंदिरे झाली. १८८६ साली 'वेस्टर्न सायक्लोन' आणि १८८७ साली 'निकोडेमस एंटरप्राइज' अशी दोन वर्तमानपत्रे त्या एवढ्याशा गावातून निघू लागली. काही गोरे व्यापारीही तेथे येऊन राहिले व काळ्यांच्या गावात काळ्यांबरोबर धंदा करू लागले.

१८७८ साली एडवर्ड मॅककेब नावाचा शिकलेला काळा तरुण तेथे आला होता. १८८० साली ग्रॅहम परगण्याची रीतसर स्थापना झाली तेव्हा तो तेथील कारभारी लेखनिक झाला. १८८२ साली तो संपूर्ण कॅन्सास राज्याचा हिशेब तपासनीस म्हणून निवडून आला आणि १८८४ साली पुन्हा निवडला गेला. राज्यव्यापी पदावर निवडून आलेला कॅन्सासमधील तो पहिला काळा माणूस. जमिनीत खणलेल्या घरांच्या गावातून राज्याच्या खजिन्याचा हिशेब पाहणारा माणूस पाच वर्षांत निघाला. वस्ती स्वतःची असली की पुढारीही स्वतःचा निर्माण होतो.

रूळ सहा मैलांवरून गेले

आता अपयश पाहू. त्या काळी अमेरिकेतील खेड्याचे मरण आणि जगणे रेल्वेच्या हाती असे. निकोडेमसच्या लोकांनी १८८७ साली रेल्वे यावी म्हणून सोळा हजार डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. गरिबांच्या गावाला ही रक्कम लहान नव्हती. पण मिसुरी पॅसिफिक कंपनी आलीच नाही. १८८८ साली युनियन पॅसिफिकचे रूळ टाकले गेले, ते गावाच्या दक्षिणेस सुमारे सहा मैलांवरून. त्या रुळांवर बोग नावाचे नवे गाव उभे राहिले. निकोडेमसचे दुकानदार एकामागून एक आपली दुकाने घेऊन तिकडे गेले. दोन्ही वर्तमानपत्रे बंद पडली.

मॅककेबही पुढे ओक्लाहोमाला गेला आणि १८९० साली लँग्स्टन हे काळ्यांचे दुसरे नगर वसवण्यात त्याने पुढाकार घेतला. गाव शिकवून मोठे करतो आणि मोठा झालेला माणूस गावातून जातो, हे दुःख आपल्याकडेच आहे असे समजू नका.

यातून शिकण्याचा धडा असा : केवळ वेगळे राहिल्याने स्वातंत्र्य पुरे होत नाही. रस्ता, रेल्वे, बाजार, पतपेढी यांचे निर्णय जेथे होतात तेथे आपला आवाज नसेल, तर जंगलात वसवलेले सुंदर गावही वाळून जाते. बाबासाहेबांनी वसाहतींची मागणी नुसती जागेपुरती ठेवली नव्हती. सरकारी मंडळ, सरकारी पैसा आणि कायद्याचे बळ त्यांनी मागितले होते. त्यामागचे कारण निकोडेमसच्या रुळांवरून समजते.

गाव ओस पडले, पण विसरले गेले नाही

दुकाने गेली तरी शेतकरी राहिले. जमीन त्यांच्या नावावर होती म्हणून ते राहू शकले. १९१८ साली त्यांनी शाळेची नवी इमारत उभी केली. पुढे १९३० च्या दशकात मंदी आली, अवर्षण आले, धुळीची वादळे आली. पुष्कळ कुटुंबे शहरांत गेली. तरीही १९३९ साली सरकारी रोजगार योजनेतून गावाची दगडी चावडी बांधली गेली. १९५३ साली टपाल कार्यालय बंद झाले. शाळाही बंद पडली. आज तेथे मूठभर माणसे राहतात. तुमच्या आमच्या एका गल्लीत याहून अधिक माणसे असतील.

मग निकोडेमस संपले का? नाही. १८७८ पासून हे लोक उन्हाळ्यात मुक्तिदिन साजरा करीत आले आहेत. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी संपली, तिची ती आठवण. पुढे त्याचेच 'घरवापसीचे' संमेलन झाले. येथे या शब्दाचा अर्थ जुन्या धर्माकडे परतणे असा नाही. आपल्या पूर्वजांनी मोकळेपणी घेतलेल्या पहिल्या श्वासाच्या जागी परतणे असा आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस दूरदूरच्या शहरांतून वंशज तेथे येतात, एकत्र जेवतात, प्रार्थना करतात आणि मुलांना कोणते घर कोठे होते ते दाखवतात.

वेरिल स्विट्झर हा १९३२ साली निकोडेमसला जन्मलेला मुलगा अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित खेळाडू झाला, पुढे विद्यापीठात मोठ्या पदावर गेला, पण निकोडेमसची शेती त्याने सोडली नाही. अँजेला बेट्स या तेथीलच वंशज बाईंनी १९८८ साली निकोडेमस इतिहास मंडळ काढले. त्यांनी आणि इतरांनी खटपट केली, म्हणून १९९६ साली अमेरिकन सरकारने या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. आज शाळा, चावडी, हॉटेल आणि दोन मंदिरे अशा पाच इमारती जपल्या जातात.

हे सारे कशाने झाले? विलियानाबाईंनी आपण रडलो हे सांगितले म्हणून. कोणी ते लिहून घेतले म्हणून. आपल्या रडण्याची लाज बाळगून त्या गप्प बसल्या असत्या, तर जमिनीतून निघालेला तो धूर जगाला कधी दिसला नसता.

आता आपल्याविषयी

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना माझे सांगणे आहे. तुमच्या घरातून मूर्ती निघाल्या, नवस सुटले, नातलग काही काळ तुटले, सोयरीक मोडली. कोणाला गावाने कामावर बोलावणे बंद केले असेल. पहिल्या दिवशी तुम्हालाही वाटले असेल, आपल्याला सांगितलेले गाव कुठे आहे? येथे तर नुसता माळ दिसतो. त्यावेळी रडू आले तर त्यात कमीपणा नाही. विलियानाबाई रडल्या, पण परत फिरल्या नाहीत, एवढेच लक्षात ठेवा.

त्या मुलीची कोरी वही मी अजून जपून ठेवली आहे. नंतर एका रविवारी मी तिच्या आजीकडे गेले आणि विचारले, "आजी, वस्तीत पहिली वंदना कुठे झाली?" आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याच गोठ्यात. बैल बाहेर बांधला, जागा सारवली, बाबासाहेबांचा फोटो नव्हता म्हणून वर्तमानपत्रातलं चित्र भिंतीला लावलं. तुझ्या वयाची होते मी." नात तोंडाकडे बघत राहिली. तिने ही गोष्ट जन्मात ऐकली नव्हती. ती आत गेली आणि पेन्सिल घेऊन आली.

आजी म्हातारी आहे. अशा आजी प्रत्येक वस्तीत आहेत आणि त्या फार दिवस राहणार नाहीत. म्हणून या पाठाचा स्वाध्याय आजच करा, पुढच्या पौर्णिमेवर ढकलू नका.

घरात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. कायद्याने मुक्ती मिळाल्यावरही केंटकीतील लोक गाव सोडून का निघाले? आपल्या घरातील कोण, कधी आणि का गाव सोडून गेले?

२. पत्रकातील वर्णन खोटे ठरल्यावर काही परतले, काही राहिले. राहणारांना कशाने धरून ठेवले असेल?

३. ओसेज लोकांनी दिलेले अन्न आणि आपण देतो ते दान, यांत काय सारखे आहे?

४. रेल्वे दुसरीकडून गेल्याने गाव खचले. आपल्या वस्तीचा रस्ता, पाणी, शाळा यांचा निर्णय कोण करतो? त्या बैठकीला आपल्यातील कोण जातो?

स्वाध्याय

एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या वस्तीचे नाव लिहा. मग वडीलधाऱ्यांना विचारून एवढेच लिहा : वस्तीत धम्मदीक्षा प्रथम कोणी व कोणत्या साली घेतली, पहिली वंदना कोठे झाली, विहाराची जागा कोणी दिली, पहिली पास झालेली मुलगी कोण, आणि त्या काळी सर्वांत कठीण दिवस कोणता होता. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली लिहा. लिहिणारे हात शक्यतो मुलांचे असू द्या.

आपल्या वस्तीला इतिहास आहे. तो अजून कोणी लिहून घेतलेला नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.